एक फॉल, एक प्रकरण

साडीला फॉल का लावतात हे मी आजवर इतक्या पुरुषांना समजावून सांगितलं आहे की आता झोपेतसुद्धा सांगू शकेन. साडीच्या खालच्या काठाला आतून साधारण अर्ध्या वितीएवढ्या रुंदीची सुती पट्टी शिवतात, तो फॉल. त्याच्या वजनाने निऱ्या सरळ पडतात आणि चालताना टाच, चप्पल, पैंजण घासून काठ विरत नाही. ही पट्टी साडीच्या पूर्ण लांबीला नसते. जे टोक आपण कमरेला खोचतो तिथून ती सुरू होते आणि अडीच-पावणेतीन मीटरवर संपते. पदराकडे तिचं काही काम नाही. हे सगळं ऐकून पुरुष म्हणतात, "एवढंच?" मी म्हणते, हो, एवढंच. आणि एवढ्याशा गोष्टीवर मी चामराजपेटेत माझं दुकान चालवलं.

दुकान म्हणजे आमच्या घराची रस्त्याकडची खोली. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता आणि सासरच्यांचं मराठीही निम्मंच कळायचं, कारण ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. दुकानाआधी सहा वर्षं मी एका खासगी कंपनीत टायपिस्ट होते. आम्ही आठजणी एका लांबट खोलीत बसायचो आणि आमचे सुपरवायझर हात मागे बांधून येरझाऱ्या घालायचे. बोलायचं नाही हा त्यांचा एकमेव नियम. शिंक आली तरी ते वळून बघत. नोकरी सोडली तेव्हा घरी मी मुलांचं कारण सांगितलं. खरं कारण असं की त्या खोलीत मी कंटाळून कंटाळून आजारी पडायच्या बेताला आले होते. नव्वद सालानंतरची ती पहिली एक-दोन वर्षं. यजमानांनी कारखान्यातून कर्ज काढून पिकोचं मशीन आणून दिलं आणि म्हणाले, "आता तूच मालकीण. हवं तेवढं बोल."

पिको म्हणजे साडीच्या दोन्ही कडांना मशीनवर घालायची बारीक नागमोडी शिवण. ते काम मी करायचे. हाताच्या शिलाईला दोघी होत्या. नागरत्नम्मा पन्नाशीच्या, उंचनिंच, कपाळावर मोठं कुंकू आणि नाकात दोन्हीकडे खड्याच्या चमक्या. कुच्चू बांधण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. कुच्चू म्हणजे पदराच्या सुट्या धाग्यांचे गोंडे. रेशमी साडीला कुच्चू नसेल तर बंगळूरची बाई ती नेसल्यासारखं मानतच नाही. दुसरी शाहीन. तिशीची, दोन मुलांची आई, मार्केटच्या मागच्या वस्तीतून चालत यायची. तिचा टाका इतका बारीक की साडीच्या सुलट बाजूवर शोधून सापडत नसे. नागरत्नम्मा कन्नड बोलायच्या, शाहीन दखनी, मी मराठी. तिघींचं मिळून जे काही तयार झालं होतं त्याला नाव नाही, पण आमचं कधी अडलं नाही.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर पानं पुरणार नाहीत. फॉलच्या रंगांनी माझं एक अख्खं कपाट भरलेलं होतं आणि तरी बायकांना हवा असायचा तो रंग नेमका त्यात नसायचा. एक बाई साडी न आणता पिशवीतून वांगं घेऊन आल्या. म्हणाल्या, साडी बहिणीकडे आहे, पण रंग अगदी हाच. मी वांगं कपाटाशी धरून फॉल काढला आणि तो जुळलाही. पुढे पुढे पुण्या-मुंबईकडच्या कॉम्प्युटर कंपन्यांतल्या मुली येऊ लागल्या. त्यातली एक माझ्याशी दहा मिनिटं हिंदीत बोलत होती, मी तिला हिंदीत उत्तरं देत होते, आणि मग तिने साडी पसरून स्वतःशीच म्हटलं, "अगं बाई, डाग पडला वाटतं." त्यानंतर ती दुकानातून तासभर हलली नाही.

हे झाले गमतीचे प्रसंग. ते दिवसातून पंधरा मिनिटं. उरलेला वेळ काय? एक टाका, दुसरा टाका, तिसरा टाका. एका फॉलला वरची कड, खालची कड, दोन्ही बाजू. मान खाली. लग्नसराईत अशा दहा-दहा साड्या रोज. मालकीण झाल्याचा आनंद मला पहिले तीन महिने पुरला. मग एका दुपारी मी पिकोच्या मशीनवर बसल्या बसल्या घड्याळाकडे बघितलं आणि लक्षात आलं की कंपनीत बघायचे तसंच बघते आहे. तेव्हा मला खरंच भीती वाटली. नोकरीला कंटाळलं तर सोडता येते. स्वतःच्या दुकानाला कंटाळलं तर कुणाकडे राजीनामा देणार?

यातून सोडवलं नागरत्नम्मांनी, आणि तेही ठरवून नाही. शाहीन एकदा रडवेली होऊन आली होती, घरी काहीतरी बिनसलं होतं. नागरत्नम्मांनी विचारलं काही नाही. सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, तुमकूरला चंद्रम्मा नावाची एक बाई होती, ती खाणावळ चालवायची. शाहीनने मान वर केली. चंद्रम्माच्या तीन नणंदा होत्या, एकीपेक्षा एक कजाग, आणि त्या दिवशी पहिली नणंद सांबार चाखायला म्हणून स्वयंपाकघरात शिरली ती चुलीजवळची जागा सोडेचना. हे सगळं नागरत्नम्मा हात न थांबवता सांगत होत्या. फॉलचा शेवटचा टाका आला, त्यांनी गाठ मारली, दोरा तोडला आणि गप्प झाल्या.

"फिर?" शाहीनने विचारलं.

"मुगीतु," नागरत्नम्मा म्हणाल्या. संपलं. "पुढचं पुढच्या साडीला."

तेव्हापासून आमच्या दुकानात एका फॉलला गोष्टीचं एक प्रकरण असा रिवाजच पडला. फॉल लांब असला तर प्रकरण लांब. मध्येच दोरा तुटला तर चंद्रम्माचं बोलणंही तिथेच तुटायचं आणि दुसरा दोरा ओवेपर्यंत आम्ही दोघी श्वास रोखून बसायचो. ही गोष्ट कुठल्या पुस्तकातली, असं मी एकदा विचारलं. नागरत्नम्मांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की पुन्हा विचारलं नाही. माझा अंदाज, अर्धी त्यांच्या आजूबाजूची होती आणि अर्धी त्या तिथल्या तिथे रचत होत्या. खाणावळीतल्या एका नणंदेचं नाक अगदी आमच्या वरच्या माळ्यावरच्या बाईसारखं होतं.

मग आम्ही आणखीही बदल केले. मी पिकोचं मशीन भिंतीकडून उचलून खिडकीशी आणलं, म्हणजे रस्ता दिसायला लागला. दोघींना जमिनीवर बसून पाठ दुखायची, त्यांच्यासाठी बुटक्या चौरंगांवर गाद्या केल्या. चार वाजता काम थांबवून कोपऱ्यावरची कॉफी मागवायची आणि ती पिताना साडीला हात लावायचा नाही, हा नियम शाहीनने घातला, कारण एकदा माझ्याच हातून एका क्रेपवर थेंब पडता पडता वाचला होता. सकाळी दुकान उघडायला मी घाईने यायला लागले. आठवड्याचे दिवस मोजणं थांबलं. कामही वाढलं, कारण शाहीनला पुढचं प्रकरण हवं असायचं आणि ते पुढच्या साडीशिवाय मिळत नसे. मालकिणीने कामगारांकडून जास्त काम कसं करून घ्यावं यावर त्या काळात कुणी मला विचारलं असतं तर मी ऐटीत सांगितलं असतं की एक नागरत्नम्मा ठेवा.

पण माझी ऐट उतरायला वेळ लागला नाही. तिसरी नणंद पहिल्या बसने ट्रंक घेऊन उतरते, असं प्रकरण चाललं होतं. पत्र्याची मोठी ट्रंक, तिला दोन कुलपं, आणि तिला कुणी हात लावला की नणंद किंचाळायची. ट्रंकेत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. तेवढ्यात एक बाई आपली साडी न्यायला आल्या. मोठ्या अधिकाऱ्याची बायको, वागणं करकरीत. शाहीन साडी द्यायला लगबगीने उठली आणि साडीबरोबर तिची ओढणीही उठली. गोष्टीच्या नादात तिने फॉल, साडी आणि आपली ओढणी असं तिन्ही एकत्र शिवून टाकलं होतं, चांगलं हातभर. मला हसू आवरेना. नागरत्नम्मा तर तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हे दुकान आहे की कट्टा?"

ओढणी पाच मिनिटांत सुटली. साडीला काहीही झालं नव्हतं. पण ते वाक्य मला लागलं. घरातली बाई घरातल्याच खोलीत दुकान काढते तेव्हा लोक तिला दुकानदार मानायला आधीच तयार नसतात. फावल्या वेळातला उद्योग, असंच म्हणतात. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी दोघींना सांगितलं, आजपासून कामाच्या वेळी गोष्टी बंद. बोलणं बंद. फक्त कामापुरतं.

"सरी," नागरत्नम्मा म्हणाल्या. बरं. शाहीनने मान खाली घालून सुई उचलली. आणि नणंदेची ट्रंक तुमकूरच्या बसस्टँडवर तशीच कुलपात राहिली.

पुढचे दोन महिने मी विसरू म्हणते तरी विसरता येत नाहीत. दुकानात फक्त मशीनचा आवाज आणि कात्रीचा. गंमत बघा, काम वाढायचं सोडून कमी झालं. शाहीनला अधूनमधून ताप येऊ लागला. नागरत्नम्मा वेळेवर यायच्या, वेळेवर जायच्या, आणि मधल्या वेळात फक्त "दोरा" आणि "कात्री" एवढंच म्हणायच्या. मी मात्र दर दहा मिनिटांनी मान वळवून त्या बोलत नाहीत ना ते बघायचे. एकदा उठून दुकानात चार पावलं चालले तेव्हा माझे हात मागे बांधलेले होते. ते मी चटकन पुढे घेतले, पण हुकूम काही मागे घेतला नाही. आपण घातलेला नियम चुकला असं कबूल करायला मालकिणीला जास्त वेळ लागतो.

अशात इंदूअक्कांची साडी आली.

इंदूअक्का आमच्याच पेठेतल्या, जुन्या मराठी घरातल्या. सहा फूट नसल्या तरी सहा फूट वाटायच्या. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि मुहूर्तावर तिने नेसायची साडी त्या स्वतः घेऊन आल्या. मोरपंखी रंग, मोठे जरीचे काठ, हाताला जड. दोन दिवसांनी सकाळचा मुहूर्त. आदल्या संध्याकाळी छत्रात, म्हणजे इथल्या मंगल कार्यालयात, रिसेप्शन, इथे ते मुहूर्ताआधीच होतं; तिथे निघण्याआधी साडी हवी.

"फॉल तेवढा लावा, मालतीबाई. कुच्चू झालेलं आहे. स्वल्प नीट बघून लावा. एकच मुलगी आहे मला."

"काळजी करू नका," मी म्हटलं.

आमची एक पद्धत होती. साडी आली की फॉल जिथून सुरू करायचा त्या टोकाला मी स्वतः सेफ्टीपिन लावायचे. ते काम मी कुणाला देत नसे. पिन जिथे, तिथून फॉल. यात विचारायचं काही नाही. त्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं, समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि इंदूअक्कांची साडी घडीतच होती. मी कुच्चूही न बघता वरचं टोक धरलं, पिन लावली आणि साडी शाहीनच्या मांडीवर ठेवली.

रिसेप्शनच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला शाहीनने शेवटची गाठ मारली आणि साडी मला दिली. मी ती तपासायला उघडली. फॉल सुरेख लागला होता. एकही टाका दिसत नव्हता. फक्त तो पदराला लागला होता. जो भाग खांद्यावरून सगळ्या मांडवाला दिसणार, त्याच्या काठाला आतून अडीच मीटरची सुती पट्टी, आणि निऱ्यांचा काठ उघडा.

मी पिन शोधली. ती होती जागेवर, पदराच्या टोकाला, मीच लावलेली.

"शाहीन, हा पदर आहे. तुला दिसलं नाही?"

"दिख्या, अक्का," शाहीन हळूच म्हणाली. "तुमे पिन वहाँ मारे ना. जरी अटकती बोलके कोई पदर कू पट्टी लगा लेते. मैं वैसाच समझी."

तेही खरं होतं. जरीचे धागे अडकू नयेत म्हणून काहीजणी पदराला आतून अस्तर लावून घेतात. मी नागरत्नम्मांकडे वळले. त्या काल दिवसभर शाहीनच्या शेजारीच बसल्या होत्या.

"तुम्ही पण बघितलं?"

"नोडिदे," त्या म्हणाल्या. बघितलं. सुई उशीत खोचून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "कालच बघितलं. मातनाडबेडि अंत नीवे हेळिद्री, अक्का." बोलू नका असं तुम्हीच सांगितलं होतं.

त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. गोष्टी चालू होत्या तेव्हा त्या दोघी शंभर वेळा मला अडवायच्या. हा रंग नको, हा फॉल आधी भिजवलाच नाही, हे टोक चुकतंय. चंद्रम्माच्या मध्येच, एका श्वासात. मी गोष्टी बंद केल्या आणि त्याबरोबर ते सगळंही बंद करून टाकलं. ओढणी शिवली गेली ती बोलण्यामुळे. ही साडी फसली ती गप्प बसवल्यामुळे, आणि गप्प बसवणारी मी होते. मी तसं दोघींना सांगितलं. चूक माझी आहे, म्हटलं. शाहीनचे डोळे भरून आले आणि माझेही.

रडायला मात्र वेळ नव्हता. रेशमातून फॉल उसवला की टाक्यांच्या जागी बारीक भोकं राहतात. सुती साडीत ती पहिल्या धुण्यात बुजतात, रेशमात नाही. एकच उपाय असतो. ओलसर मलमल आत ठेवून, धाग्याच्या दिशेने नखाने हळूहळू घासत जायचं, आधी उभं, मग आडवं, म्हणजे सरकलेले धागे पुन्हा जवळ येतात. जोर जास्त झाला तर रेशीम विरतं. हे काम नागरत्नम्मांचं. मी आणि शाहीन टाका टाका कापत पुढे, त्या मागून नखाने बुजवत. काठ पुन्हा एकसारखा दिसायला लागला तेव्हा अडीच वाजून गेले होते, आणि नवा फॉल अजून लावायचाच होता.

पावणेतीनला इंदूअक्का दारात उभ्या राहिल्या. अंगावर नवी साडी, डोक्यात मोगरा, बाहेर रिक्षा थांबलेली.

"झाली ना? घरचे चला चला म्हणून जीव खाताहेत."

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकले असते. दोरा संपला, वीज गेली, शिलाईवाली आजारी पडली, धंद्यात अशी कारणं तयारच असतात. पण साडी समोर पसरलेली होती आणि नागरत्नम्मा माझ्याकडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं. पिन मी चुकीच्या टोकाला लावली, फॉल पदराला लागला, तो उसवला, भोकं बुजवली आहेत, तुम्ही डोळ्यांनी बघा.

इंदूअक्कांनी चष्मा पुसला. पदराचा काठ उजेडात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसल्या. "लावा," त्या म्हणाल्या. "माझ्या समोर लावा. साडी घेतल्याशिवाय मी उठत नाही." रिक्षावाल्याला त्यांनी हाताने थांब म्हटलं.

एकटीने लावायचा तर दीड तास. म्हणून मी जे कधी करू देत नसे ते करायला सांगितलं: दोघींनी दोन टोकांकडून सुरू करायचं आणि मध्ये भेटायचं. यात धोका असतो. प्रत्येकीचा हात वेगळा. एकीचा टाका ओढून, दुसरीचा सैल, आणि मध्ये भेटताना काठाला झोळ येतो. तो झोळ मग काही केल्या जात नाही. मी मधोमध बसून काठ दोन्ही हातांनी ताणून धरला.

दोघींनी सुरुवात केली. शाहीन घाबरून दोरा ओढून घेत होती आणि टाके घट्ट बसत होते. नागरत्नम्मांचे नेहमीसारखे मोकळे. मला बोटांखाली ते कळत होतं. एक बाजू आखडत चालली होती. मी काही बोलले असते तर शाहीन आणखी घाबरली असती. समोर इंदूअक्का हाताची घडी घालून बसलेल्या.

मग नागरत्नम्मा, मला न विचारता, मान वर न करता, म्हणाल्या, "तर तुमकूरच्या बसस्टँडवर ती ट्रंक."

शाहीनने झटकन मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी अडवलं नाही. ट्रंक उचलायला दोन हमाल लागले, नागरत्नम्मा सांगू लागल्या. खाणावळीत ती आणली तेव्हा आतून काहीतरी खळखळलं. थोरली नणंद म्हणाली सोनं आहे. मधली म्हणाली, आपल्या घरात सोनं असतं तर मी असली दिसले असते का? नागरत्नम्मा जिथे वाक्य मोडायच्या तिथे त्यांची सुई वर यायची, आणि हळूहळू शाहीनचीही सुई तिथेच वर यायला लागली. माझ्या बोटांखालचा ताण दोन्हीकडून सारखा झाला. दोन बायका, दोन सुया, आणि हात एकाच चालीने पुढे येत होते. इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे.

चंद्रम्माने ट्रंकेवर पोळपाट ठेवून चपात्या लाटायला सुरुवात केली, तेव्हा खुर्चीतून आवाज आला.

"स्वल्प थांबा. ही चंद्रम्मा नणंदेला राहू का देते घरात?"

नागरत्नम्मांनी तिच्या नवऱ्याची आणि वडिलोपार्जित जागेची सगळी हकिकत थोडक्यात सांगितली. इंदूअक्का म्हणाल्या, "अय्यो, अशीच माझी एक होती." खुर्ची त्यांनी पुढे ओढली. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला, त्याला त्यांनी ऐकूच आलं नसल्यासारखं केलं. मध्यरेषेपासून चार बोटं अंतर राहिलं तेव्हा चंद्रम्माला उशीखाली एक किल्ली सापडली. दोन बोटं राहिली तेव्हा पहिलं कुलूप उघडलं. दोघींच्या सुया भेटल्या. काठ सपाट, झोळ नाही. नागरत्नम्मांनी गाठ मारली आणि दोरा तोडला.

"मुगीतु," त्या म्हणाल्या.

"काय मुगीतु? दुसरं कुलूप?"

"फॉल झाला, अम्मा."

इंदूअक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना आमचा रिवाज सांगितला, ओशाळून. त्यांनी साडी घेतली, काठावरून एकदा हात फिरवला, आणि तडक रिक्षात बसल्या. माफ केलं की नाही, हे मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला मी मुद्दाम मागच्या रांगेत बसले. मुलगी मोरपंखी साडीत उभी राहिली, पदर नीट खांद्यावर पडला होता, निऱ्या सरळ. पण इंदूअक्का त्या गर्दीत माझ्याकडे फिरकल्या नाहीत, आणि पेठेत बायकांची तोंडं किती वेगाने चालतात हे मला माहीत होतं. माझी एक चूक त्यांनी छत्रात चारजणींना सांगितली असती तर लग्नाच्या साड्या माझ्याकडे पुन्हा आल्या नसत्या.

पुढच्या सोमवारी मी दुकान उघडलं ते नियम मोडूनच. बोलायचं, आणि मी चुकले तर सगळ्यांत आधी बोलायचं. पिन तिघींनी बघायची. ती शिस्त पुढे दुकान बंद होईपर्यंत, बरीच वर्षं चालली, नागरत्नम्मा गावी गेल्या तोवर आणि त्यानंतरही. चंद्रम्माची गोष्ट मी कुठे लिहून ठेवली नाही, ही एक खंत राहिली. ते दोन गप्प महिने मी माझ्या हाताने घालवले, ही दुसरी. पुण्यात असलेली माझी सून आता घरून कॉम्प्युटरवर धंदा करते आणि फोनवर म्हणते, "आई, सगळं छान चाललंय, पण कंटाळा येतो हो." मी तिला सांगते, एकटी बसू नकोस, कुणाला तरी शेजारी बसव आणि त्याला बोलू दे.

तर त्या लग्नानंतर आठवडाभराने, भर दुपारी, इंदूअक्का दुकानात आल्या. हातात लग्नाच्या लाडवांचा डबा आणि एक जांभळी साडी. डबा त्यांनी शाहीनच्या हातात दिला. मी पुढे होऊन साडी घेतली आणि सवयीने खालचा काठ उलटून बघितला. फॉल होता. नवाच, एकसारख्या टाक्यांचा, कुठे सुटलेला नाही, कुठे विरलेला नाही.

"इंदूअक्का, ह्याला फॉल आहे की. अजून दहा वर्षं जाईल हा."

"मला माहीत आहे," म्हणत त्यांनी खुर्ची नागरत्नम्मांच्या जवळ ओढली आणि ऐसपैस बसल्या. "उसवा."